मूर्तीचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऋषि व नदी यांच्यापुरती ती शहाणपणाची असेल. परंतु गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत प्राचीन मूर्तींचा व शिल्पांचा जो मोठा बाजार लंडन, न्यूयॉर्क, जिनीव्हा या शहरीं भरला, त्यानें या म्हणीला जवळ जवळ व्यापारी नियमाचें रूप दिलें. विकणाऱ्यानें मूर्तीचें खरें कूळ सांगूं नये, घेणाऱ्यानें तें खोदून विचारूं नये, आणि विचारलेंच तर जें सांगण्यांत येईल त्यावर सभ्यपणें विश्वास ठेवावा, असा हा व्यवहार होता. या व्यवहारावर इंग्रजींत आतां बरेंच लेखन झालें आहे. त्यांतील तीन पुस्तकें आम्हीं लागोपाठ वाचलीं: रिचर्ड डेव्हिस यांचें ‘लाइव्ह्ज ऑफ इंडियन इमेजेस’ (१९९७), पीटर वॉटसन व सेसिलिया तोदेस्किनी यांचें ‘दि मेडिची कॉन्स्पिरसी’ (२००६) आणि एस. विजय कुमार यांचें ‘दि आयडॉल थीफ’ (२०१८). विषय बहुतांशीं एक असतां तिघांनीं तो तीन निरनिराळ्या दिशांनीं हाताळला आहे, आणि या भेदांतच विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

पुराणवस्तूंची चोरी हा पोलिसांचा व वकिलांचा विषय. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत त्याचें काय काम, असा प्रश्न कोणी करील. आमचें उत्तर असें कीं, या चोरीच्या अनेक पायऱ्यांपैकीं एक पायरी निव्वळ वाङ्मयीन आहे, आणि तिच्यावांचून बाकीच्या पायऱ्या फुकट जातात. देवळाचें कुलूप फोडणें हें हत्याराचें काम. मूर्ति गोणपाटांत गुंडाळून बंदरापर्यंत पोंचविणें हें हमालीचें काम. परंतु तीच मूर्ति एखाद्या प्रतिष्ठित संग्रहालयाच्या दालनांत नेऊन बसवावयाची, तर कोणाला तरी बसून एक कथा रचावी लागते. ही मूर्ति कोणाची होती, त्याला ती कशी मिळाली, ती आपल्या देशांतून केव्हां व कोणत्या वाटेनें बाहेर पडली, हें सारें तींत यावें लागतें. व्यापारांत या कथेला ‘प्रॉव्हनन्स’ म्हणतात. आम्ही तिला कुळकथा म्हणूं. कुळकथा हा एक लघुतम वाङ्मयप्रकार आहे, आणि बाजारभावानें पाहिल्यास त्याच्या एकेका ओळीस जें मोल येतें तें कोणत्याहि कवीच्या ओळीस आजवर आलेलें नाहीं.

उदाहरण घेऊं. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यांत श्रीपुरंदान नांवाचें खेडें आहे. तेथील बृहदीश्वराच्या चोलकालीन मंदिरांत ब्राँझची नटराजमूर्ति होती. मंदिरांतील पूजाअर्चा खुंटली होती व देऊळ कुलूपबंद असे. २००६ सालीं चोरांनीं ती मूर्ति नेली. आणि आपला देव नाहींसा झाला आहे हें गांवाला कळलें तें २००८ सालीं. त्याच २००८ सालीं ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयानें ती मूर्ति न्यूयॉर्कमधील ‘आर्ट ऑफ द पास्ट’ या पेढीचे मालक सुभाष कपूर यांच्याकडून सुमारें ५० लक्ष अमेरिकन डॉलरांस विकत घेतली. तिच्याबरोबर कुळकथाहि आली ती अशी: सुदान देशाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याचें बिऱ्हाड दिल्लींत असतां १९७० सालीं ही मूर्ति तेथील एका दुकानांतून खरेदी झाली, त्या कुटुंबाबरोबर ती भारताबाहेर गेली, आणि पुढें त्या कुटुंबाकडून ती व्यापाऱ्याकडे आली. म्हणजे जी मूर्ति कथेंत परदेशीं सुखानें नांदत होती, ती प्रत्यक्षांत पुढें ३५ वर्षें आपल्या गाभाऱ्याच्या अंधारांत उभी होती.

ही कथा वाङ्मयाच्या कसोटीवर घासून पाहण्यासारखी आहे. तिचें मुख्य पात्र परदेशी वकिलातींतलें. अशा गृहस्थाच्या सामानाची झडती होत नाहीं, हें वाचकानें न सांगतां ओळखावें. स्थळ दिल्ली, म्हणजे कावेरीच्या खोऱ्यापासून शेंकडों कोस दूर, जेथें मूर्तीला ओळखणारा कोणी भेटण्याचा संभव नाहीं. आणि काल १९७०. सर्व रचनेचें मर्म या आंकड्यांत आहे. पुराणवस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार झाला तो याच सालीं, आणि भारताचा पुराणवस्तूंविषयींचा सध्यांचा कायदा झाला तो १९७२ सालीं. म्हणून अशा कथांतील पात्रें त्या सालानंतर सहसा खरेदीला निघत नाहींत. घडलेलें पण पटण्यास कठीण अशा वस्तूपेक्षां न घडलेली पण संभवनीय अशी वस्तु कवीनें पसंत करावी, असें ॲरिस्टॉटलचें मत आहे. कुळकथाकारांनीं तें कवींपेक्षां अधिक निष्ठेनें पाळलें. तरीहि कथेंत एक भोंक राहिलेंच. पुराणवस्तु परवान्यावांचून देशाबाहेर नेण्यास १९४७ च्या कायद्यानेंच मनाई केली होती. तेव्हां कथा अक्षरशः खरी मानली तरी त्या मूर्तीबरोबर परवाना कोठें आहे, हा प्रश्न उरतो. आणि ५० लक्ष डॉलर मोजणाऱ्यानें तो विचारावयास हवा होता.

परंतु या प्रकाराचा खरा दोष याहून खोल आहे. चांगली कथा तपशिलावर जगते; कुळकथा तपशिलाच्या अभावावर जगते. मूर्ति कोणत्या गांवची, कोणत्या देवळांतली, तिच्या उत्सवाचा दिवस कोणता, तिच्या शेजारीं कोण उभें असे, यांपैकीं एकहि गोष्ट तींत येऊं शकत नाहीं. कारण त्यांतली एक जरी आली तरी चोर सांपडेल. म्हणून देवाचें गांव पुसून तेथें शतक घालावयाचें, देवळाचें नांव पुसून तेथें राजवंश घालावयाचा: ‘चोल, अकरावें-बारावें शतक.’ संग्रहालयाच्या पाटीवरील ही अक्षरें विद्वत्तेचीं वाटतात. कित्येकदां तीं झांकण असतात.

हेंच इटलींत घडलें. ‘दि मेडिची कॉन्स्पिरसी’ हें पुस्तक त्या देशांतील प्राचीन थडगीं फोडून चालणाऱ्या व्यापाराचें आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें १९७२ सालीं युफ्रोनियस या ग्रीक चित्रकारानें रंगविलेला एक मोठा मद्यकुंभ १० लक्ष डॉलरांस घेतला. त्याची कुळकथा बैरूतच्या एका संग्राहकाची होती. त्याच्या वडिलांनीं तो १९२० च्या सुमारास मिळविला होता म्हणे. वस्तुतः कुंभ रोमजवळच्या चेर्वेतेरी येथील थडग्यांतून नुकताच उकरलेला होता. त्यावरील चित्र इलियडांतील आहे: रणांत पडलेल्या सार्पेडन वीराचें शव निद्रा व मृत्यु हे दोघे बंधु उचलून त्याच्या मायभूमीस नेत आहेत. ज्या कुंभावर हें चित्र आहे त्याला स्वतःला मायभूमीस परत येण्यास ३६ वर्षें लागलीं. तो इटलींत आला २००८ सालीं.

वॉटसन व तोदेस्किनी यांच्या पुस्तकाचा मोठा गुण त्याची संगति. १९९५ सालीं जिनीव्हाच्या करमुक्त वखारींत जाकोमो मेडिची या व्यापाऱ्याच्या खोल्यांची झडती झाली व हजारों छायाचित्रें हातीं आलीं. एका चित्रांत भांडें मातीनें माखलेलें, तुकडे पडलेलें. दुसऱ्यांत तेंच सांधलेलें. तिसऱ्यांत तेंच एखाद्या संग्रहालयाच्या कांचेमागें. त्यांतील पुष्कळ चित्रें ज्या जातीच्या पोलरॉइड कॅमेऱ्यानें घेतलेलीं होतीं, ती जातच १९७२ मध्यें बाजारांत आली. तेव्हां त्या चित्रांतील मातीनें भरलेल्या वस्तु पणजोबांच्या काळापासून कुटुंबांत होत्या असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. कॅमेऱ्याच्या कुळानें वस्तूच्या कुळाची लबाडी उघडी पाडावी, हा योग कोणत्याहि कादंबरीकारास हेवा वाटावा असा आहे. खाणणारा, मध्यस्थ, मोठा व्यापारी, जीर्णोद्धार करणारा कारागीर, संग्रहालयाचा विद्वान अधिकारी, अशी सारी उतरंड लेखकांनीं एकावर एक रचून दाखविली आहे. मेडिचीला २००४ सालीं शिक्षा झाली.

मात्र या पुस्तकांत वस्तूंची गर्दी इतकी होते कीं, एकहि वस्तु मनांत घर करीत नाहीं. हा दोष सर्वस्वीं लेखकांचा नव्हे, विषयाचाहि आहे. एट्रुस्कन थडग्याला आज वारस नाहीं. त्यांतील भांडें गेलें म्हणून रडणारें कोणी नाहीं. तेथें जें नष्ट होतें तें ज्ञान: भांडें कोणाच्या उशाशीं ठेवलें होतें, शेजारीं काय होतें, पुरलेला देह स्त्रीचा कीं पुरुषाचा, हें उत्खननकाराला वाचतां आलें असतें, चोराच्या कुदळीनें तें वाक्य कायमचें पुसलें. पुस्तकानें या हानीवर अधिक वेळ थांबावयास हवें होतें. गुन्ह्याचा शोध लागला कीं वाचकाला पुरी फेड झाल्यासारखें वाटतें. पण कुंभ परत आला तरी थडगें परत येत नाहीं.

विजय कुमार यांच्या ‘दि आयडॉल थीफ’ची जात निराळी आहे. हे गृहस्थ प्राध्यापक नव्हेत, पोलीस नव्हेत. जहाजवाहतुकीच्या व्यवसायांत असतां मूर्तींच्या प्रेमानें ते या शोधाला लागले, आणि त्या प्रेमाची ऊब पुस्तकाला आहे. सुभाष कपूर यांना २०११ सालीं फ्रँकफर्टच्या विमानतळावर अटक झाली, २०१२ सालीं त्यांना भारतांत आणलें, आणि पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर, २०२२ सालीं, कुंभकोणम्‌च्या न्यायालयानें त्यांना १० वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकन अधिकाऱ्यांनीं त्यांच्या वखारींतून अडीच हजारांहून अधिक वस्तु जप्त केल्या व त्यांची किंमत १० कोटि डॉलरांवर केली. या प्रकरणांत निर्णायक ठरली ती पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटची चित्रशाळा. १९५६ पासून तेथील मंडळी दक्षिणेंतील देवळांतून हिंडून मूर्तींचीं छायाचित्रें घेत आलीं. श्रीपुरंदानच्या नटराजाचें चित्र तेथें होतें. कॅनबेराच्या मूर्तीशीं तें ताडून पाहतांच सुदानचा अधिकारी, दिल्लीचें दुकान, १९७० साल, सारें धुक्यासारखें विरलें. २०१४ सालीं ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं ती मूर्ति भारताच्या पंतप्रधानांच्या स्वाधीन केली.

असें असतां या पुस्तकाविषयीं आमची तक्रार त्याच्या नांवापासून सुरू होते. पुस्तक मूर्तीचें, पण नांव चोराचें. चोर जेथें जातो तेथें कथा जाते. तो विमानांत बसला कीं आपणहि बसतों, त्याच्या दुकानाची रोषणाई पाहतों, त्याला पकडणारे किती जवळ आले हें श्वास रोधून मोजतों. ही गुप्तहेरकथेची चाल आहे व ती वाचकास बांधून ठेवते. परंतु तिची किंमतहि द्यावी लागते. कथेंत सर्वांत चपळ जो, तोच कथेचा नायक होऊन बसतो. आणि ज्याला हलतां येत नाहीं, तें खेडें मागें पडतें.

चोराला नायकाची ऐट देणें आपल्या वाङ्मयास नवीन नाहीं. ‘मृच्छकटिका’चा शर्विलक आठवावा. भिंतीला भोंक पाडतांना त्याचा आकार कसा असावा याचा तो शास्त्रशुद्ध विचार करतो, आणि घरधनी चारुदत्त सकाळीं तें भोंक पाहून त्याच्या कारागिरीची वाहवा करतो. देवलांच्या कृपेनें मराठी प्रेक्षकानेंहि या चोरावर पिढ्यान्‌पिढ्या लोभ केला. पण शूद्रकानें शर्विलकाला ही ऐट देतांना दोन गोष्टी केल्या आहेत. एक, चोरलेले अलंकार ज्या स्त्रीचे, तिच्याच दारांत ते फिरून येतात. दुसरी, चोरी झाल्यावर नाटक शर्विलकाच्या मागें धांवत नाहीं; तें चारुदत्ताच्या घरांत राहतें. ठेव गेली यापेक्षां, ती खरोखर चोरीस गेली हें आपल्यासारख्या दरिद्र्याचें म्हणणें कोणी खरें मानणार नाहीं, या विचारानें तो सज्जन व्याकुळ होतो. चोरीचें खरें नाट्य ज्याचें गेलें त्याच्या घरीं असतें, हें शूद्रकास ठाऊक होतें. आधुनिक शोधकथेस त्याचा विसर पडला आहे. श्रीपुरंदानच्या लोकांनीं दोन वर्षें रिकाम्या देवळाला कुलूप लावून ठेवलें, हा प्रसंग आमच्या मतें विमानतळावरील अटकेहून मोठा आहे. त्यांत चोराची धूर्तता आहेच, पण गांवाची उदासीनताहि आहे. आणि त्या उदासीनतेला कारणें आहेत, तीं शोधण्यास चोराचा पाठलाग करणाऱ्यास सवड नसते.

डेव्हिस यांचें पुस्तक तिघांत जुनें, आणि आमच्या मतें विचारानें सर्वांत श्रीमंत. मूर्तीला चरित्र असतें, हें त्यांचें सूत्र. घडविणारा एका भावनेनें घडवितो, भक्त दुसऱ्या भावनेनें पाहतो, जेता तिसऱ्या, संग्राहक चौथ्या. आणि प्रत्येक समुदायाच्या दृष्टीबरोबर मूर्तीचें जीवन पालटतें. या सूत्रानें त्यांनीं पत्तूरच्या नटराजाची जी कथा सांगितली आहे, ती या तिन्ही पुस्तकांतील सर्वोत्कृष्ट म्हणावयास हरकत नाहीं. तंजावर भागांतील पत्तूर या खेड्यांत १९७६ सालीं एका मजुराला आपल्या झोंपडीजवळ खणतां खणतां ब्राँझच्या मूर्ति लागल्या. तेथें विश्वनाथस्वामीचें बाराव्या शतकांतील देऊळ पडून राहिलें होतें. नटराज हस्तेंपरहस्तें लंडनला गेला. कॅनडांतील एका कंपनीनें तो घेतला. आणि १९८२ सालीं दुरुस्तीसाठीं दिला असतां लंडनच्या पोलिसांनीं जप्त केला. कंपनीनें पोलिसांवर दावा लावला. भारत सरकार व तमिळनाडू सरकार यांच्याबरोबर पत्तूरच्या त्या भग्न मंदिराच्या वतीनेंहि मूर्तीवर हक्क सांगण्यांत आला. आणि मागें राहिलेल्या शिवलिंगाचें नांवहि वादींच्या यादींत आलें.

हिंदु देवता ही कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति आहे हें प्रिव्ही कौन्सिलनें १९२५ सालींच मान्य केलें होतें. परंतु छप्पर नाहीं, पुजारी नाहीं, उत्सव नाहीं अशा देवळाला लंडनमध्यें फिर्याद करतां येईल काय, हा प्रश्न नवा होता. मूर्तीवर चिकटलेल्या मातीपर्यंत तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९८८ सालीं निकाल मंदिराच्या बाजूनें लागला, १९९१ सालीं अपिलांतहि तो कायम झाला, आणि नटराज परत आला. ज्यानें आठशें वर्षांपूर्वीं देऊळ बांधलें त्याचा संकल्प भिंती पडल्या तरी संपला नाहीं, असा या निकालाचा आशय. कुळकथाकारानें मूर्तीचें गांव पुसलें होतें. न्यायालयानें गांवाला उभें करून त्याचें म्हणणें ऐकलें. डेव्हिस यांनीं हें सारें आवाज न चढवितां सांगितलें आहे, आणि म्हणूनच तें मनावर ठसतें.

तथापि त्यांच्या समतोलाशींच आमचा मतभेद आहे. सर्व दृष्टि अभ्यासनीय आहेत म्हणून सर्व दृष्टि सारख्या हक्काच्या ठरत नाहींत. डेव्हिस यांनीं सांगितलेली एक जुनी गोष्ट पाहावी. अकराव्या शतकांत राजाधिराज चोलानें चालुक्यांची कल्याणी जाळली व तेथील एक द्वारपालाची शिलामूर्ति उचलून आपल्या देशीं नेली. हे चालुक्य म्हणजे महाराष्ट्राच्याहि मोठ्या भागाचे राजे. तेव्हां ही लूट आपल्या घरची म्हणावयास हरकत नाहीं. पण त्या मूर्तीच्या पायाशीं राजानें लेख कोरविला: कल्याणपुर जाळून आणलेला हा द्वारपाल. लूट ती लूटच. परंतु त्या लेखामुळें आज हजार वर्षांनींहि ती मूर्ति कोठली हें आपण जाणतों. राजानें लुटीवर आपलें नांव कोरलें. आजचा व्यापारी लुटीवरचीं सर्व नांवें पुसतो. एकाच्या करणींत उद्दामपणा आहे, दुसऱ्याच्या करणींत असत्य आहे. हे दोन्ही प्रकार ‘मूर्तीच्या जीवनांतील टप्पे’ या एकाच सदरांत समभावानें मांडले, कीं इतिहासकाराच्या हातून कळत नकळत व्यापाऱ्याचें काम होतें.

रसिकांनीं तर या प्रकरणीं आपल्या अंगणांत पाहावें. कुंभकोणम्‌जवळच्या शिवपुरम् या खेड्यांत १९५१ सालीं नटराज व इतर मूर्ति भूमींतून निघाल्या. त्या देवळांत ठेवल्या. पुढें दुरुस्तीसाठीं कारागिराकडे गेल्या. परत आल्या त्या नकला. मूळ नटराज विकला गेला आणि मुंबईंतील एका खासगी संग्रहांत कित्येक वर्षें राहिला. डग्लस बॅरेट या विद्वानानें ‘अर्ली चोल ब्राँझेस’ या, मुंबईसच १९६५ सालीं छापलेल्या, ग्रंथांत ही अदलाबदल नमूद केली. एवढें होऊनहि मूर्ति अमेरिकेस गेली, नॉर्टन सायमन यांच्या संस्थेनें ती सुमारें ९ लक्ष डॉलरांस घेतली, वाद झाला, १९७६ सालीं तडजोड होऊन आणखी दहा वर्षें ती तिकडेच राहिली, आणि १९८६ सालीं परत आली. म्हणजे विद्वानाच्या एका वाक्यांत सत्य छापलें गेलें होतें. तें वाचूनहि रसिकांनीं मान डोलाविली ती मूर्तीच्या लयीला.

कलेकरितां कला कीं जीवनाकरितां कला, हा वाद आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या काळीं हिरिरीनें खेळला गेला. कलाकृति स्वयंपूर्ण आहे, तिच्या बाहेरचें कांहीं विचारूं नये, हें मत कथाकादंबरीपुरतें मांडण्यांत फारसें नुकसान नव्हतें. परंतु मूर्तींच्या बाजारांत तेंच मत व्यापाऱ्याचें सर्वांत सभ्य शस्त्र झालें. नटराजाचा उचललेला पाय पाहा, गांव कोठलें विचारतां! या सौंदर्यवादांत आणखीहि एक गफलत आहे. दक्षिणेंतील या ब्राँझच्या मूर्ति उत्सवमूर्ति आहेत. त्यांच्या बैठकीला दांडे घालून मिरवणुकीला नेण्यासाठीं भोंकें असतात. वस्त्रें, फुलें, अलंकार यांनीं त्या झांकल्या जातात. ज्या उघड्या देहरेषेवर संग्राहक भाळतो, ती भक्ताला उत्सवाच्या दिवशीं क्वचितच दिसते. तेव्हां ‘नुसती कला’ म्हणून जें पाहिलें जातें तेंहि मूर्तीला तिच्या जागेवरून उपटल्यानंतरचें दृश्य आहे.

विरुद्ध बाजूचें म्हणणें येथें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. देऊळ बंद, पूजा बंद, गांवाला पत्ता नाहीं. अशा ठिकाणीं मूर्ति ठेवण्यापेक्षां ती संग्रहालयांत लक्षावधि लोकांच्या दृष्टीस पडली तर काय बिघडलें? शिवाय परत आलेल्या मूर्ति तरी कोठें जातात? तमिळनाडूंत अशा अनेक मूर्ति तिरुवारूर येथील सुरक्षित मूर्तिकेंद्रांत कुलपाआड ठेवल्या आहेत. तुर्कस्तानचें उदाहरण तर अधिक बोचरें आहे. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाशीं झगडून लिडियन ठेवा त्या देशानें १९९३ सालीं परत मिळविला. आणि २००६ सालीं उघड झालें कीं, उशाक येथील संग्रहालयांत त्यांतील सोन्याचा समुद्राश्व चोरीस जाऊन त्याच्या जागीं नक्कल ठेवलेली आहे. पुढें तो जर्मनींत सांपडला, ही गोष्ट निराळी.

या आक्षेपांस ‘चोरी ती चोरी’ एवढेंच उत्तर देऊन भागणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. राखणदार झोपला म्हणून घर चोराचें होत नाहीं, हें खरें; पण राखणदार झोपलेलाच राहावा असाहि त्याचा अर्थ नाहीं. शिवाय संग्रहालयाच्या बाजूचा युक्तिवाद एक गोष्ट लपवितो: देऊळ ओस पडलें म्हणून मूर्ति विकली गेली, इतकेंच तो सांगतो, समुद्रापलीकडे गिऱ्हाईक उभें होतें म्हणून ओस देवळें हेरलीं गेलीं, हें सांगत नाहीं. मागणी ही नुसती प्रेक्षक नसते. आणि तिजोरींतल्या मूर्तीविषयीं म्हणाल, तर परत आणणाऱ्यांचें काम अर्धें झालें आहे, हा त्या दृश्याचा अर्थ. मूर्ति परत आणूं नये, हा नव्हे. पत्तूरच्या निकालाचा आशय मनावर घ्यावयाचा तर संकल्प मूर्तीचा एकटीचा नाहीं, मंदिराचा आहे. देवळाला दार, दाराला राखण, आणि राखणीला गांवाची नजर, हें झाल्यावांचून मूर्तीची घरवापसी पुरी झाली असें म्हणतां येत नाहीं.

तीन पुस्तकांचा तौलनिक निर्णय आम्ही असा देतों. व्यापाराचें यंत्र समजून घेण्यास वॉटसन-तोदेस्किनी वाचावेत. त्या यंत्राविरुद्ध एका सामान्य माणसाची चिकाटी काय करूं शकते हें पाहण्यास विजय कुमार वाचावेत. आणि ज्या वस्तूसाठीं हें सर्व चाललें आहे ती मुळांत काय आहे हें कळण्यास डेव्हिस वाचावेत. वाचण्याचा क्रम आमच्या मतें उलट ठेवावा: प्रथम डेव्हिस, म्हणजे मग चोराच्या मागें धांवतांना आपण कोणासाठीं धांवत आहों याचा विसर पडणार नाहीं.

चौथें पुस्तक मात्र अजून आमच्या वाचनांत नाहीं, आणि तें गांवांत बसून लिहिलेलें असावें. त्यांत चोर एखाद्या प्रकरणापुरता यावा. बाकी पुस्तकांत देऊळ कोणीं बांधलें, उत्सव केव्हांपासून बंद पडला, पुजाऱ्याचें वतन कसें संपलें, तरुण मंडळी कोणत्या शहराला गेलीं, किल्ली कोणाकडे असे, हें यावें. त्यासाठीं मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. पाँडिचेरीच्या मंडळींनीं कॅमेरा घेऊन देवळें हिंडतांना पुढें कोणत्या न्यायालयांत तीं चित्रें उपयोगी पडतील याचा हिशेब केला नव्हता. त्यांनीं फक्त प्रत्येक चित्राखालीं गांवाचें व देवाचें नांव लिहून ठेवलें. आपल्याकडील कॉलेजांतून दरवर्षीं शेंकडों विद्यार्थी बाहेर पडतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या खिशांत आज कॅमेरा असतो. सुटींत घरीं गेलेल्या प्रत्येकानें आपल्या गांवच्या देवळांतील मूर्तींचें चित्र घेऊन त्याखालीं नांव, गांव व तारीख एवढें जरी लिहिलें, तरी उद्यां तिच्यासाठीं रचल्या जाणाऱ्या कुळकथेस आजच उत्तर देऊन ठेवल्यासारखें होईल.